एनके पेशींना ब्रेक लागत नाही? रिसेप्टरला दोष देण्याआधी या चुका टाळा

एनके (नॅचरल किलर) म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी; समोरच्या पेशीवर ‘स्व’ची खूण असलेली एचएलए प्रथिने दिसली की त्यांचे काही रिसेप्टर मारणे थांबवतात, तोच हा ब्रेक. तो तपासायला ७२१.२२१ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी घेतात; त्यांच्यावर एचएलए-ए, बी, सी यांपैकी काहीच नसते. त्यांत एचएलए-सी घालायचे, एनके पेशींबरोबर चार तास ठेवायचे आणि मारणे किती कमी झाले ते बघायचे. कागदावर सोपे आहे. प्रत्यक्षात आलेख बरेचदा जेमतेम झुकतो आणि मग ‘सिग्नल कुठेतरी तुटलाय’ म्हणून शोधाशोध सुरू होते. बहुतेक वेळा सिग्नल शाबूत असतो, आपलीच नजर भलतीकडे असते.

सगळ्यात महागात पडते ते सगळ्या एनके पेशी एकत्र मोजणे. एकाच माणसाच्या रक्तातसुद्धा एनके पेशीगणिक केआयआर या एचएलए ओळखणाऱ्या रिसेप्टरांचा संच बदलतो. केआयआर२डीएल१ ला एचएलए-सीच्या ८० व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल लागते, म्हणजे सी२ गट; २डीएल३ ला तिथे अ‍ॅस्पराजिन हवे, म्हणजे सी१. सी२ टार्गेटसमोर (टार्गेट म्हणजे जिला मारायचे ती पेशी) २डीएल१ वाल्या पेशी थबकतात, बाकीच्या खुशाल मारत सुटतात आणि सरासरीत ब्रेक बुडून जातो. म्हणून फ्लो सायटोमेट्रीवर सीडी१०७ए (पेशीने मारा केला की तिच्या पृष्ठभागावर येणारी खूण) बघा, तेही एकच केआयआर असलेल्या पेशींवर गेट लावून, म्हणजे तेवढ्याच निवडून. एनकेजी२ए (एचएलए-ई ओळखणारा दुसरा ब्रेक-रिसेप्टर) असलेल्या पेशीही वगळा, कारण घातलेल्या एचएलए-सीच्या लीडर पेप्टाइडमुळे (प्रथिनाच्या सुरुवातीच्या तुकड्यामुळे) टार्गेटवर एचएलए-ई येते आणि ब्रेक नेमका कोणी लावला ते कळत नाही.

गेट लावतानाही फसगत होते. ईबी६ हा अँटिबॉडीचा क्लोन २डीएल१ ला चिकटतो तसा २डीएस१ लाही, आणि २डीएस१ हा तर अ‍ॅक्सिलरेटर! डोनरचे (रक्त देणाऱ्याचे) केआयआर टायपिंग, म्हणजे त्याच्याकडे कोणते केआयआर आहेत याची तपासणी, आधी करून घ्या.

आता ब्लॉट, म्हणजे प्रथिनावर फॉस्फेट चढले का ते पट्टीवरून दाखवणारी चाचणी. लिगँड (इथे एचएलए-सी) भेटला की रिसेप्टरच्या शेपटीतल्या आयटीआयएम या छोट्या भागातील टायरोसिनवर सार्क कुळातली कायनेझ फॉस्फेट चढवते, त्याला एसएचपी-१ हे फॉस्फेट काढणारे एन्झाइम येऊन चिकटते आणि व्हीएव्ही१ या चेतवणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढते. आयटीआयएमवरचे फॉस्फेट फार काळ टिकत नाही. माझे पहिले तीन ब्लॉट कोरे आले होते. फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमना अडवणारे व्हॅनाडेट घातले होते, पण त्याच बफरमध्ये ईडीटीएही होते आणि ते व्हॅनाडेटला निकामी करते. नंतर जिवंत पेशींना परव्हॅनाडेट (व्हॅनाडेटचेच पेशीत शिरणारे रूप) दिले, पट्टी झळकली आणि मी खूश! त्या पट्टीवरून एवढेच कळते की त्या टायरोसिनवर फॉस्फेट चढू शकते. लिगँडने ते चढवले असे ती सांगत नाही. लिगँड नसलेले टार्गेट शेजारच्या लेनमध्ये नसेल, तर तो ब्लॉट कोणाला दाखवू नका.

हा ब्रेक पूर्ण पेशीला लागतो हा समजही सोडा. एकाच वेळी दोन टार्गेटना चिकटलेली एनके पेशी एकाला सोडते आणि दुसऱ्याला मारते, हे १९९९ मध्येच दाखवले गेले आहे. अडवणारा रिसेप्टर चेतवणाऱ्याच्या शेजारी, त्याच सांध्यात (दोन पेशी चिकटतात त्या जागी) असावा लागतो. दोघांना अँटिबॉडीने वेगवेगळे गुंतवून ‘काही होत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही, एकत्र गुंतवा.

रिसेप्टर अडवायला अख्खी आयजीजी अँटिबॉडी वापरू नका. तिचा एफसी भाग (शेपटीकडचा भाग) एनके पेशीवरच्या सीडी१६ या चेतवणाऱ्या रिसेप्टरला चिकटतो आणि मारणे वाढले तर ब्रेक सुटल्यामुळे की सीडी१६ मुळे, हे सांगता येत नाही. एफसी काढलेले तुकडे घ्या.

शेवटची चूक डोक्यातली. १९८६ मध्ये कार्रे आणि सहकाऱ्यांनी ‘स्व’ हरवलेल्या पेशी मारल्या जातात हे दाखवले. त्यावरून वाटते की ब्रेकच नसलेली एनके पेशी सर्वांत जहाल असणार. उलट आहे. स्वतःच्या एचएलएला ओळखणारा एकही रिसेप्टर नसेल तर ती मारायला शिकलेलीच नसते, के५६२ या एचएलए नसलेल्या टार्गेटसमोरही मंदच राहते. तिला ‘ब्रेक नसलेला कंट्रोल’ म्हणून घेऊ नका. आणि डोनरच्या पेशी आयएल-२ (पेशींना चेतवणारे प्रथिन) मध्ये वाढवल्या असतील तर तो मंदपणाही बराच झाकला जातो, तेव्हा ताज्या पेशींवरचे आकडे त्यांच्याशी ताडून बघू नका.