इंग्रजी शब्दाआधी ‘अ’ (a) की ‘ॲन’ (an)? शब्द देवनागरीत लिहून बघा

‘ए, ई, आय, ओ, यू यांनी शब्द सुरू झाला की ॲन’ हा शाळेत घोटून घेतलेला नियम आधी डोक्यातून काढा. इथे स्पेलिंगला किंमत नाही, उच्चाराला आहे. आणि उच्चार दाखवणारी लिपी आपल्याला बालवाडीपासून येते.

पहिली पायरी: ‘अ’ किंवा ‘ॲन’च्या लगेच पुढचा शब्द धरा, मग तो नाम असो वा विशेषण. ‘ॲन अंब्रेला’, पण ‘अ ब्लू अंब्रेला’.

दुसरी पायरी: तो शब्द देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर ‘ॲन’, व्यंजन आलं तर ‘अ’. युनिफॉर्म, युरोपियन, युजफुल यांत ‘य’ आहे, म्हणून ‘अ’. वन-वे तिकिटात ‘व’, तिथेही ‘अ’. अवर, ऑनर, ऑनेस्ट यांच्या स्पेलिंगमधला एच मुका असतो. देवनागरीत तो येतच नाही, म्हणून ‘ॲन’.

तिसरी पायरी आद्याक्षरांची, आणि अर्ज, बायोडेटा बिघडतात ते इथेच. अक्षराचं नाव जसं उच्चारता तसंच लिहा: एम, एस, एल, एच, आर. सगळे स्वर! म्हणून ‘ॲन एमपीएससी एक्झाम’, पण ‘अ यूपीएससी एक्झाम’. ‘ॲन एलआयसी एजंट’, ‘ॲन एचएससी सर्टिफिकेट’. २६ पैकी १२ अक्षरं ‘ॲन’ घेतात: ए, ई, एफ, एच, आय, एल, एम, एन, ओ, आर, एस, एक्स. ‘यू’ त्यात नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. आद्याक्षरं सुटी न म्हणता अख्खा शब्द म्हणून वाचत असाल, तर त्या शब्दाचा पहिला आवाज धरा: ‘अ नीट स्कोअर’, पण ‘ॲन एनडीए कॅडेट’.

आता सावधगिरी. आपल्याकडे ‘यष्टी’, ‘यमबीए’ म्हणायची सवय आहे. त्या उच्चारावर विसंबलात तर ‘अ’ लिहाल आणि चुकाल. उलटी चूक वर्षाची: आपण ‘हॅपी न्यू इयर’ लिहितो, पण त्या शब्दाचा खरा उच्चार ‘यिअर’. म्हणून ‘अ यिअर’. ‘ॲन इअर’ म्हणजे कान. या दोन ठिकाणी शब्दकोशातला उच्चार ऐकूनच लिहा.

हा ‘न’ इंग्रजांनाही चकवून गेलाय. क्रिकेटमधला अंपायर मुळात ‘नंपेर’सारखा शब्द होता, त्याचा ‘न’ मागच्या ‘अ’ला चिकटला आणि ‘ॲन अंपायर’ झालं. ॲप्रनचंही तसंच.

आकड्यांनाही हाच नियम: ८, ११, १८, ८० यांच्याआधी ‘ॲन’, १ आणि १०० यांच्याआधी ‘अ’.