वेरूळ-अजिंठ्याची सहल: निघण्याआधी

शाळेच्या सहलीची तारीख ठरवायला बसलात की आधी दोन वार लक्षात घ्या. अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. सोमवार-मंगळवारच हाताशी असतील तर पहिल्या दिवशी वेरूळ, दुसऱ्या दिवशी अजिंठा हा क्रम जमतो. उलट केलंत तर दोन्ही दिवस बंद फाटकापुढे उभे राहाल. रविवार शक्यतो नकोच, गर्दीत मुलं मोजण्यातच दिवस संपतो. या दोन ठिकाणांना जोड फक्त देवगिरीच्या किल्ल्याची द्या, तो छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या वाटेवरच आहे. शहरातला बीबी का मकबरा, पाणचक्की, आणखी दोन मंदिरं असा आग्रह पालकांकडून होईल. तो मोडून काढा. दोन दिवसांत सात ठिकाणं केली की मुलांना बसमध्ये चढणं-उतरणं तेवढं आठवतं.

कागदांचं काम महिनाभर आधी सुरू करा. शिक्षण विभागाची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, शाळेच्या शिक्क्याची मुलांची यादी. या यादीत जन्मतारखेचा रकाना हवाच. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, पण दहावीतली बरीच मुलं पंधरा ओलांडलेली असतात. त्यांची नावं वेगळी काढून ठेवली तर खिडकीशी खोळंबा होत नाही. ओळखपत्र प्रत्येकाच्या गळ्यात.

एसटीची बस प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी सहलीपुरती भाड्याने घेतलीत तर शालेय सहलीला भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. मुख्याध्यापकांचं पत्र घेऊन आगारात लवकर जा, हंगामात गाड्या उरत नाहीत. खासगी बस असेल तर परवाना, विमा, फिटनेस हे कागद स्वतः बघा आणि संकटकालीन दार आपल्यासमोर उघडून दाखवायला लावा. एका सहलीच्या आदल्या दिवशी मी तसं सांगितलं तेव्हा ते दार गंजून बसलेलं निघालं. बस बदलून घेतली, दोन तास उशिरा निघालो, आणि त्या उशिराचं मला आजही काही वाटत नाही. आसनं जितकी, मुलं तितकीच. चालकाच्या मुक्कामाची आणि झोपेची सोय आपल्या खर्चात धरा.

गाडी लागणाऱ्या मुलांची नावं पालकांकडून आधीच घ्या, त्यांना पुढे बसवा. ज्याला रोजचं औषध आहे त्याची पुडी नावाची चिठ्ठी लावून एकाच शिक्षकाकडे. प्रथमोपचाराची पेटी, ओआरएस, जास्तीचं पाणी. रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक मुलांनाही पाठ हवेत. दर दहा मुलांमागे एक मोठं माणूस ठेवा, मुली असतील तर शिक्षिका हव्यातच.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी तयारी, आणि नेमकी तीच राहून जाते. सहलीच्या आठवडाभर आधी प्रत्येक मुलाला साबणाची एक वडी आणि बोथट चमचा द्या. वडीतून एक छोटं देऊळ कोरायचं, पण वरून खाली, आणि निघालेला तुकडा परत चिकटवायचा नाही. पाचव्या मिनिटाला कुणाचा तरी कळस तुटतो. हीच मुलं वेरूळच्या १६ क्रमांकाच्या लेण्यात, कैलासाच्या अंगणात उभी राहतात, तेव्हा सुमारे शंभर फूट उंचीचा उभा कडा वरून खाली कोरत आणला हे त्यांना बोटांनी कळलेलं असतं. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं हे काम. पुढच्या एका ताम्रपटात म्हटलंय की हे आपल्या हातून कसं घडलं याचं खुद्द शिल्पकारालाच नवल वाटलं. ही गोष्ट तिथेच, कळसाकडे बघत सांगा. वेरूळची लेणी ३४ आहेत. सगळी दाखवू नका. १० क्रमांकाचं चैत्य (बौद्ध प्रार्थनागृह), कैलास आणि ३२ क्रमांकाचं जैन लेणं. बौद्ध, हिंदू, जैन अशा तिन्ही परंपरा शेजारी शेजारी दिसतात.

अजिंठ्याला आपली बस फर्दापूरच्या फाट्यावरच थांबते, पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जायचं. म्हणजे डबे-पाणी बसमध्ये राहिलं की काही तास हाती लागत नाही, हे उतरण्याआधीच मुलांना बजावा. चित्रांच्या लेण्यांत चपला काढाव्या लागतात, फ्लॅश चालत नाही. आत गेल्यावर दोन मिनिटं गप्प उभं राहायला शिकवा. डोळे सरावले की पद्मपाणी, हाती कमळ घेतलेला चित्रातला बोधिसत्त्व, हळूहळू दिसू लागतो.

नावं कोरू नका, एवढं म्हणून भागत नाही. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची ही लेणी दिसली आणि त्याने १० क्रमांकाच्या लेण्यात खांबावरच्या चित्रावर आपलं नाव खरवडलं. तो ओरखडा अजून तिथे आहे. आज संरक्षित स्मारकाला असं इजा करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. हे वर्गातच सांगून ठेवा.

किल्ला मात्र ऊन चढायच्या आत. वर जाताना अंधारीचा बोगदा लागतो: वळणाचा, काळोखा, वटवाघळांचा. अंधाराला घाबरणारी मुलं कोण ते आधी विचारा आणि त्यांना खाली थांबायची मुभा द्या, कुणी हसणार नाही याची काळजी घेऊन. बाकीच्यांच्या जोड्या लावा, पुढे एक शिक्षक, मागे एक, दोघांकडे बॅटरी आणि शिट्टी. आत शिरताना मोजा, दुसऱ्या तोंडाशी पुन्हा मोजा, मगच पुढची पायरी.