बुवा मस्त गायलेत, आता साऊंडचं बघूया

गणपती जवळ आले की कुडाळपासून देवगडपर्यंत वाडीवाडीतलं कोणीतरी घरीच एखादा गजर नाहीतर आरती रेकॉर्ड करतं आणि ग्रुपवर टाकून विचारतं, कसं झालंय सांगा. उत्तरं ठरलेली, "एक नंबर", "बुवा जबरदस्त". साऊंडबद्दल कोणी बोलतच नाही, कारण गाणं आवडलं की कान बाकी सगळं माफ करून टाकतात. म्हणून एकदा मनसोक्त ऐकून घ्या आणि दुसऱ्यांदा ऐकताना चाल, शब्द, बुवांचा आलाप सगळं बाजूला ठेवा, फक्त आवाज ऐका. आणि एखादी खोट सापडली की लगेच स्वतःला विचारायचं, ही मिक्सिंगमध्ये, म्हणजे मागाहून कॉम्प्युटरवर ट्रॅक नीट करताना, निघेल की परत रेकॉर्ड करावं लागेल? खरं तर सगळी तपासणी या एका प्रश्नासाठीच आहे.

ग्रुपवर आलेल्या फाईलवरून निकाल देऊ नका. मूळ वेव्ह (WAV, म्हणजे न दाबलेली) फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, कारण 128 केबीपीएसची, म्हणजे आकाराने लहान केलेली, एमपीथ्री केली की साधारण 16 किलोहर्ट्झच्या वरचं बरंचसं उडतं आणि झांजेचा झणकार किरकिरा होतो, मग दोष रेकॉर्डिंगचा की फाईलचा तेच कळत नाही. ऐकायला वायरवाले हेडफोन घ्या, ब्लूटूथमध्ये आवाज परत एकदा दाबला जातो. आणि शेजारी त्याच प्रकारचं एक चांगलं रेकॉर्डिंग ठेवा, पण दोघांचा आवाज सारखा करून घ्या, कारण जे जरा मोठ्याने वाजतं तेच आपल्याला भारी वाटतं. ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे फुकटात होतं, दोन्ही ट्रॅक -14 लफ्सवर (LUFS, कानाला किती मोठं वाटतं त्याचं माप) नॉर्मलाईज करायचे, म्हणजे एका पातळीवर आणायचे, की झालं. यूट्यूबपण मोठे ट्रॅक साधारण याच पातळीवर खाली आणतं, तेव्हा उगाच दाबून दाबून मोठा केलेला ट्रॅक तिथे काही जास्त गाजत नाही, फक्त चपटा वाटतो.

आता जिथे कोणी गात नाही तिथे ऐका, म्हणजे पेटी सुरू व्हायच्या आधीचे दोन-चार सेकंद आणि शेवटची झांज विरत जाते तो भाग. घरच्या रेकॉर्डिंगची सगळी भानगड इथे उघडी पडते. म्हणूनच कापाकापी न केलेली फाईल मागायची. खाली सतत हूं असा आवाज असेल तर तो बहुतेक लाईटचा, आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या पट्टीत किती आवाज आहे त्याचा आलेख, काढला की 50, 100, 150 वर काट्यासारखे सुळके दिसतात. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करून बघायला सांगा, पुष्कळ वेळा तेवढ्यानेच जातो. पंख्याची घरघर एकसारखी असते, ती नॉईज रिडक्शनने बऱ्यापैकी कमी होते. पत्र्यावरच्या पावसाची गोष्ट वेगळी, थेंबाथेंबाचा आवाज क्षणाक्षणाला बदलतो आणि आवाजाच्या सगळ्या पट्ट्यात पसरलेला असतो, तो काढायला गेलात की बुवांच्या आवाजातला दाणाही त्याच्याबरोबर जातो. तिथे सरळ सांगायचं, पाऊस थांबला की परत घ्या. लांबून येणारी समुद्राची गाज मात्र मी काढायला सांगत नाही, गळा तिच्यावर स्वच्छ उठून येत असेल तर राहू दे की, बिघडतंय कुठे!

मग आवाज फाटलाय का ते बघायचं. डिजिटलमध्ये 0 डेसिबलच्या वर जागाच नसते, पखवाजाची जोरकस थाप त्याच्या वर गेली की लाटेचा माथा छाटला जातो. ऑडॅसिटीत हे छाटणं, म्हणजे क्लिपिंग, दाखवायचा पर्याय आहे, लाल रेघा दिसतात, पण त्याच्यावर पूर्ण विसंबू नका. माईकच्या प्रीअँपमध्येच, म्हणजे माईकचा बारीक आवाज आधी मोठा करणाऱ्या भागातच, आवाज फाटला असेल किंवा नंतर कोणी व्हॉल्यूम कमी केला असेल तर लाल रेघ एकही येत नाही, तेव्हा झूम करून माथे सपाट आहेत का ते डोळ्यांनी बघा. फाटलेली थाप पूर्ण दुरुस्त होत नाही. पुढच्या वेळी 24 बिटवर घेऊन सगळ्यात मोठी थाप -10 डेसिबलच्या आसपास ठेवली तरी काही बिघडत नाही, खाली भरपूर जागा असते.

मोबाईलवर घेतलेलं असेल तर अजून एक गंमत ऐकू येते, थाप पडली की बुवांचा आवाज आत जातो आणि लगेच परत वर येतो, कारण फोन स्वतःच पातळी कमीजास्त करत असतो. हे मागाहून नीट करता येत नाही, ते सेटिंग बंद करता येणारं अ‍ॅप घ्यायला सांगा.

गळ्याचं म्हणाल तर "पांडुरंग"मधला प फुटतोय का आणि "संत"मधला स कानाला टोचतोय का एवढं बघा. प फुटत असेल तर माईक तोंडासमोरून जरा तिरका करायचा. माईक फारच जवळ असेल तर आवाज खाली जाडसर होतो, तो मात्र इक्वलायझरने, म्हणजे आवाजाच्या जाड-बारीक पट्ट्या कमीजास्त करून, हलका करता येतो.

खोलीचं तसं नाही. चिऱ्याच्या उघड्या भिंती, खाली लादी, अशा खोलीत टाळी वाजवली की टर्रर्र असं ऐकू येतं ना, तेच प्रत्येक शब्दामागे चिकटलेलं असतं. दोन भिंतींत 3 मीटर अंतर असेल तर साधारण 57 हर्ट्झचा स्वर घुमतो, म्हणून पखवाजाचा धुम कधी अंगावर येतो तर कधी गायब होतो. हेही काढून टाकता येत नाही. माजघरात गाद्या-गोधड्या टांगून परत घेणं जास्त सोपं.

शेवटी ट्रॅक मोनो करून, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र करून, ऐका, कारण मंडपातला बॉक्स पुष्कळदा मोनोच असतो. दोन माईक वापरलेत आणि मोनोत पेटी पातळ झाली तर दोघांची फेज, म्हणजे आवाजाच्या लाटांचा वर-खाली मेळ, एकमेकांना खातेय, एका ट्रॅकची फेज उलटी करून बघा, भरली तर काम झालं. नाहीतर एक माईक सरळ बंद करा.

सांगताना "साऊंड बरोबर नाय" एवढंच लिहू नका. मिनिट-सेकंद टाकून लिहा, 1:12 ला प फुटलाय, 2:40 ला थाप फाटलीये, आणि परत घ्यायला लागणार त्या गोष्टी आधी लिहा, नाहीतर बिचारा रात्रभर इक्वलायझर फिरवत बसतो आणि सकाळी कळतं की पाऊस आतच आहे.