भाताची ट्रॉली रस्त्यावर काढण्याआधी

दसऱ्याच्या आसपास मुरबाड, शहापूर, अंबरनाथ, भिवंडीकडच्या खाचरांत हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताची कापणी सुरू होते, मागोमाग निमगरवे आणि गरवे भात येते. भारे खळ्यावर, भात गिरणीत किंवा आदिवासी विकास महामंडळाच्या खरेदी केंद्रावर, पेंढा तबेल्यांकडे, अशी ट्रॅक्टर-ट्रॉलीची ये-जा पुढे काही महिने चालते. एरवी शेतात फिरणारा ट्रॅक्टर या दिवसांत कल्याण–मुरबाड रस्त्यावर आणि मुंबई–नाशिक महामार्गावर कंटेनरांच्या मध्ये चालतो. ट्रॉली ओढायला तो पुरतो, थांबवायला मात्र पुरेलच असे नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, त्यामुळे तीन-चार टनांचा सगळा रेटा ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर येतो. पुढची सगळी काळजी याच एका कारणासाठी आहे.

सुरुवात ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या हुकाच्या पिनेपासून करा. पिन बाहेर काढून फडक्याने ग्रीस पुसा आणि ट्रॉलीच्या दांडीचे कडे जिथे घासते त्या भागावर नख फिरवा. नख अडकले म्हणजे खाच पडली, ती पिन बदला. वाकलेली पिन ठोकून सरळ करू नका, पुढच्या हिसक्याला ती तिथेच तुटते. पिनेऐवजी सळईचा तुकडा किंवा हाताला लागेल तो बोल्ट घालायची सवय गावोगाव आहे, ती सोडायलाच हवी. बारीक बोल्ट भोकात खेळतो, दर खड्ड्याला हिसका खातो आणि बरोबर उतारावर, जास्तीत जास्त ताण असताना तुटतो. पिन वरून घाला आणि खाली क्लिप लावा. क्लिप नसली की दांडी उसळताना पिन हळूहळू वर सरकते आणि बाहेर पडते. जोडीला दोन साखळ्या दांडीखालून फुलीसारख्या लावा. वळताना ताणणार नाहीत इतक्या सैल आणि रस्त्याला घासणार नाहीत इतक्या आखूड ठेवा. पिन गेलीच तर दांडी या फुलीवर तोलली जाते, रस्त्यात रुतत नाही.

ट्रॉली ड्रॉबारच्या (ट्रॅक्टरच्या मागे खालच्या बाजूच्या ओढदांड्याच्या) हुकालाच जोडा, टॉप लिंकच्या (औजारे जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी कधीही नाही. ओढ मागच्या आसापेक्षा वर लागली की पुढची चाके उचलतात आणि ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटतो. सावरायला वेळच मिळत नाही.

भरताना पोती मोजा. 40 किलोचा कट्टा असेल तर 25 कट्ट्यांचा एक टन. 100 कट्टे म्हणजे चार टन, वर ट्रॉलीचे स्वतःचे वजन वेगळे. नुकत्याच कापलेल्या भाऱ्यांत ओल भरपूर असते, तेवढ्याच दिसणाऱ्या ढिगाचे वजन वाळलेल्यापेक्षा जास्त भरते. खरेदी केंद्रावर भातात 17 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, तेव्हा वाळवून नेण्यात दोन्हीकडून फायदा आहे. नोंदणीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरल्यास मोटार वाहन कायद्यात 20,000 रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये आहेत.

दोनचाकी ट्रॉलीत माल आसाच्या किंचित पुढे झुकलेला हवा. सगळा मागे गेला तर दांडी हुकाला वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते. फारच पुढे आला तर पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग फिरते पण ट्रॅक्टर वळत नाही. चारचाकी ट्रॉलीचा धोका वेगळा आहे. ती आपले वजन स्वतःच पेलते, हुकावर भार येत नाही, म्हणून ओल्या उतारावर ट्रॅक्टरची मागची चाके लवकर घसरतात. एवढीच पोती दोनचाकीत नेली, आता चारचाकीतही नेऊ, हा हिशेब इथे चुकतो.

शेतातून डांबरी रस्त्यावर येण्याआधी थांबा आणि खाली बघा. खाचरात वळायला सोपे जावे म्हणून दोन्ही ब्रेक पेडल वेगळे केलेले असतात, त्यांची जोडपट्टी लावायची राहून जाते. एकाच पेडलवर पाय पडला तर एकच चाक अडते, ट्रॅक्टर त्या बाजूला खेचला जातो आणि मागून ट्रॉली ढकलत येते. पट्टी लावा, डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवणारी कळ) सुटल्याची खात्री करा, टायरच्या खाचांतला चिखल खरवडून काढा (मागून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठीसुद्धा) आणि सपाट जागी हळू चालवून ब्रेक दाबून बघा. हवा ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत रस्त्यासाठी दिलेल्या आकड्याइतकी हवी, ट्रॉलीची टायरवर छापलेल्या मर्यादेत.

उतार लागण्यापूर्वीच गिअर ठरवा. जो गिअर टाकून ती चढण चढली असती, त्याच गिअरमध्ये उतरा. मध्येच गिअर बदलू नका, क्लच दाबून ठेवू नका, डिझेल वाचवायला न्यूट्रल तर अजिबात नाही. माळशेजच्या पायथ्याकडचे रस्ते असोत की कसाऱ्याच्या बाजूचे, हा नियम सारखाच. ब्रेक सतत दाबून न धरता थोडा दाबा, सोडा. ट्रॉली बाजूला सरकून कात्रीसारखी मुडपायला लागली तर जोराने ब्रेक मारण्याची ऊर्मी होते, पण त्याने अडलेली चाके आणखी घसरतात. ब्रेक ढिला करा, स्टिअरिंग सरळ धरा, चाके फिरू द्या.

नोव्हेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हा आकडा पाहा: ट्रॅक्टर ताशी 20 किलोमीटरने आणि मागचा कंटेनर 60 ने चालला आहे. ट्रॉली त्याला 50 मीटरवर दिसली तर साडेचार सेकंदांत तो तुमच्यापर्यंत पोचतो. म्हणून ट्रॉलीच्या मागे लाल आणि बाजूंना पिवळी परावर्तक पट्टी, चालू असलेले मागचे दिवे, आणि भाऱ्यांनी किंवा ताडपत्रीने ती झाकली गेली नाही ना, एवढे रोज तपासा. चिखलाने माखलेली पट्टी नसल्यासारखीच. पंक्चर झाल्यास ट्रॉली पूर्ण रस्त्याखाली घ्या आणि मागे त्रिकोण ठेवा. फांद्या आणि दगड ठेवू नका, काम झाल्यावर ते तिथेच राहतात. तुर्भ्याच्या बाजार समितीकडे जायचे असेल तर ठाणे आणि नवी मुंबईतल्या अवजड वाहनांच्या बंदीच्या वेळा निघायच्या दिवशीच वाहतूक पोलिसांकडून विचारून घ्या, त्या बदलत असतात.

पेंढ्याच्या ट्रॉलीला उंची घातक ठरते. गावातल्या तारा खाली लोंबलेल्या असतात, रेल्वे फाटकावरची तार तर 25 हजार व्होल्टची. फाटकाआधीच्या उंचीच्या दांड्याला पेंढा घासत असेल तर पुढे जाऊ नका, तिथेच उतरवा. सायलेन्सरच्या बाजूला पेंढा टेकू देऊ नका. तारेला स्पर्श झालाच तर चालकाने सीटवरच बसावे, कुणाला ट्रॉलीला हात लावू देऊ नये आणि महावितरणच्या 1912 वर कळवावे. आग लागल्यामुळे उतरणे भाग पडले तर ट्रॅक्टर आणि जमीन एकाच वेळी न शिवता दोन्ही पाय जुळवून दूर उडी मारा आणि तसेच छोट्या उड्या मारत लांब जा.

पेंढ्यावर, पोत्यांवर, मडगार्डवर किंवा दांडीवर कुणालाही बसवू नका. कापणीच्या मजूर बायका संध्याकाळी दमलेल्या असतात, घरी जायला दुसरे साधन नसते हे खरे. त्यांच्यासाठी जीपचे भाडे मजुरीत धरा. ट्रॉली उलटली तर पोती आणि माणसे एकाच बाजूला पडतात.

खळ्यावर पोचल्यावर ट्रॉली सोडताना आधी दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा, मग जॅक लावून दांडीचा भार घ्या आणि शेवटी पिन काढा. पिन घट्ट बसली असेल तर ट्रॅक्टर बोटभर मागे घ्या, पिन सैल होते. दोन्हींच्या मधे उभे राहून ती हातोडीने ठोकू नका.