शैक्षणिक तंत्रज्ञान परिषदेत सादरीकरण करताय? या चुका टाळा

अशा परिषदेत समोर बसलेले बहुतेक जण शिक्षकच असतात. हे माझ्या शाळेत, माझ्या मुलांना, माझ्याकडे आहेत तेवढ्या साधनांत जमेल का, याचं उत्तर शोधायला ते आलेले असतात. सादरीकरण फसतं ते बहुतेक वेळा हा प्रश्न नजरेआड झाल्यामुळे. बाकीच्या अडचणी फॉन्टच्या, केबलच्या आणि पासवर्डच्या असतात, त्या आदल्या दिवशीच निस्तरता येतात. मी सादरीकरणं केली आहेत, सहकाऱ्यांची तयारी करून घेतली आहे आणि श्रोत्यांत बसून पुष्कळ पाहिलंही आहे. त्यातून हाती लागलेलं इथे देतो आहे.

ॲपची ओळख करून देण्यात वेळ घालवणं

ॲप कुठून घ्यायचं, खातं कसं उघडायचं, कोणतं बटण कुठे आहे, यातच निम्मा वेळ संपतो. ही माहिती कुणालाही घरी बसून मिळते. तुमच्या वर्गात काय घडलं, ते मात्र तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांचं नाव क्यूआर कोडशी जोडलं गेलं, पण क्यूआर कोड जपानमध्ये १९९४ सालीच तयार झाला होता. तो पाठ्यपुस्तकाच्या पानावर आणला, की पुस्तक उघडलेल्या मुलाला तिथूनच कविता ऐकता येते, पाठाचा व्हिडिओ पाहता येतो, हे महत्त्वाचं होतं. तुमच्या साधनाबद्दलही असं एक वाक्य सांगता यायला हवं. ते सापडेपर्यंत स्लाइड करायला बसू नका.

आमच्या वर्गात मुलं मोबाइलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करतात, ते ऐकतात आणि तोच उतारा पुन्हा वाचतात. यासाठी फोनमधला साधा रेकॉर्डर पुरतो. मला सर्वांत जास्त प्रश्न याच उपक्रमावर आले, कारण ऐकणाऱ्याला तो सोमवारी सुरू करता येण्याजोगा वाटला.

‘मुलांना खूप आवडलं’ एवढ्यावर थांबणं

मुलांना नवीन पडदा आवडतोच. शिकण्यात काय फरक पडला, ते दाखवा. वाचनाचा उपक्रम असेल तर ग्रामीण भागातल्या मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत वापरतात त्या पायऱ्या हाताशी आहेत: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. सुरुवातीला कोणत्या पायरीवर किती मुलं होती आणि काही महिन्यांनी किती, एवढा एक तक्ता बस्स आहे. बारा मुलांच्या वर्गात ‘५० टक्के प्रगती’ असं लिहू नका, ‘सहा मुलं’ असं लिहा. लहान पटावर टक्केवारी फसवी दिसते आणि जाणकार श्रोता तिथेच सावध होतो.

पालकांची परवानगी असेल तर तक्त्यासोबत एकाच मुलाच्या वाचनाच्या दोन ध्वनिफिती ऐकवा, एक जूनची आणि एक डिसेंबरची. मग सभागृहाला वेगळं काही पटवून द्यावं लागत नाही.

ज्या मुलांना उपयोग झाला नाही, त्यांच्याबद्दलही बोला. कुणी सतत गैरहजर होतं, कुणाच्या घरची भाषा वेगळी होती, कुणाला आवाज रेकॉर्ड करण्याचीच भीती वाटत होती. हे सांगितल्याने उपक्रम कमी ठरत नाही. उलट दुसऱ्या शाळेत तो करणाऱ्याला नेमकी हीच माहिती उपयोगी पडते.

मुलांची माहिती पडद्यावर उघडी ठेवणं

ही चूक मला सर्वांत गंभीर वाटते. हजेरीचा किंवा शासकीय पोर्टलचा स्क्रीनशॉट टाकला जातो आणि त्यात मुलांची पूर्ण नावं, जन्मतारखा, कधी आधार क्रमांकसुद्धा दिसतात. समोर शंभर फोन फोटो काढत असतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीला बालक मानलं आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अट घातली आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, मागे पडलेल्या मुलाचं नाव आणि गुण चारचौघांत दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही. नावं पूर्ण झाका, नुसती पुसट करू नका. फोटो पाठीमागून घ्या किंवा हातांचे, वह्यांचे घ्या. चेहरा दाखवायचाच असेल तर पालकांची लेखी परवानगी आधी घ्या.

मराठी अक्षरांची मोडतोड

लक्षण: आपल्या लॅपटॉपवर सुरेख दिसणारी स्लाइड सभागृहात रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ होऊन उमटते. कारण: मजकूर श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात, म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर मूळ रोमन अक्षरं उघडी पडतात. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत देवनागरीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक आहेत, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर मराठीच राहतो.

जुना मजकूर निवडून नुसतं फॉन्टचं नाव बदलू नका, त्याने काहीच साधत नाही. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा आणि मग रफार, जोडाक्षरं, ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांखालून घाला. गडबड नेमकी तिथेच होते. पुढे मुक्ता, नोटो सान्स देवनागरी किंवा निर्मला यूआय हे युनिकोड फॉन्ट वापरा. विंडोजवरच्या पॉवरपॉइंटमध्ये ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘सेव्ह’ इथे जाऊन ‘एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल’ निवडा. आणि एक पीडीएफ प्रत पेनड्राइव्हवर ठेवाच. ॲनिमेशन जाईल, पण अक्षर हलणार नाही.

व्हिडिओ, आवाज, लॉगिन

आवाज येत नसेल तर आधी केबल पाहा. व्हीजीएतून फक्त चित्र जातं, आवाजाची वायर वेगळी लागते. एचडीएमआय असूनही आवाज लॅपटॉपमधूनच येत असेल तर ध्वनीच्या सेटिंगमध्ये आउटपुट बदला. पडद्यावर काहीच दिसत नसेल तर विंडोजचं बटण आणि ‘पी’ एकत्र दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा. यूट्यूबच्या लिंकवर विसंबू नका, आपला व्हिडिओ फाइलमध्येच घाला. सहकाऱ्याकडून व्हॉट्सॲपवर मागवत असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर तो दाबला जाऊन धूसर होतो. ऑनलाइन साधन प्रत्यक्ष दाखवायचं असेल तर लॉगिन आधीच करून ठेवा. ओटीपी येतो त्या फोनला सभागृहात रेंज असेलच असं नाही. तेच काम स्क्रीन रेकॉर्डिंग करून जवळ ठेवलं, तर नेट गेलं तरी बोलणं अडत नाही.

वेळेचा हिशोब कागदावरच राहणं

दीपप्रज्वलन, स्वागत, मनोगतं यांत कार्यक्रम मागे सरकतो आणि पंधरा मिनिटांची तुमची आठच उरतात. स्लाइड भराभर पुढे ढकलण्यापेक्षा आठ मिनिटांची वेगळी आवृत्ती तयार ठेवा. तिच्यात वर्गातला एक प्रसंग, एक तक्ता आणि एक अडचण एवढंच असावं.

प्रश्नोत्तरं आणि त्यानंतर

वीज नसेल तर काय? एका फोनवर वीस मुलं कशी बसवायची? पालक मोबाइल द्यायला तयार नसतील तर? हे प्रश्न येणारच, त्यांची उत्तरं आधी लिहून काढा. एखादी गोष्ट करून पाहिली नसेल तर तसं स्पष्ट सांगा. समोरचा शिक्षक तुमच्या शब्दावर त्याच्या शाळेचा वेळ लावणार असतो.

शेवटच्या स्लाइडवर ‘धन्यवाद’ऐवजी साहित्याच्या फोल्डरचा क्यूआर कोड ठेवा आणि प्रश्न संपेपर्यंत तो पडद्यावर राहू द्या. तो तुमच्या नव्हे, दुसऱ्याच्या फोनवरून उघडून पाहा. गूगल ड्राइव्हवर ‘एनीवन विथ द लिंक’ निवडलं नसेल तर प्रत्येकाला परवानगी मागावी लागते आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. फोल्डरमध्ये स्लाइडपेक्षा उपयोगी म्हणजे एका पानाची कृती: साहित्य, वेळ, पायऱ्या आणि नोंदीचा कोरा तक्ता.