मामा रिटायर व्हायच्या आधी त्यांच्या डोक्यातलं कसं काढून घ्यायचं

अंबडला आमचं छोटं मशीन शॉप आहे. मागच्या थंडीत सकाळच्या शिफ्टला बोअरचा, म्हणजे जॉबमधल्या भोकाचा, साइज सारखा हलत होता, पोरं ऑफसेट (मशीनमध्ये टूलच्या मापाची दुरुस्ती) देऊन देऊन दमली, शेवटी गावाला गेलेल्या सेटर मामांना, म्हणजे मशीनचं सेटिंग लावणाऱ्या आमच्या जुन्या माणसाला, फोन लावला तर ते म्हणे अरे आधी मशीन १५ मिनिटं रिकामी फिरव ना. बस, एवढंच. (१०० मिमी स्टील १० अंशांनी तापलं की ११-१२ मायक्रॉन वाढतं, थंड स्पिंडल, म्हणजे मशीनचा फिरणारा दांडा, तापताना तसाच वाढतो.) हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

तर आधी यादी करा. प्रत्येक कामासमोर लिहा, हा माणूस नसेल तर कुणाला येतं? जिथे कुणाचंच नाव सुचत नाही तिथून सुरू करा, सगळंच लिहायला बसू नका, आमचं रजिस्टर चौथ्या पानावर झोपलंय.

दुसरं, "तुम्हाला येतं ते लिहून द्या" असं अजिबात म्हणू नका, हातातलं शब्दांत येत नाही. जपानच्या मात्सुशिता कंपनीला १९८५ मध्ये घरगुती ब्रेड मशीन बनवताना पीठ नीट मळता येईना, तेव्हा त्यांची एक सॉफ्टवेअर डेव्हलपर ओसाकाच्या हॉटेलातल्या बेकरच्या हाताखाली शिकायला गेली आणि तिच्या लक्षात आलं की तो पीठ ओढता ओढता पिळतो. आपणही तेच करायचं, सेटिंग चालू असताना मोबाईलवर शूट करा आणि मध्ये मध्ये विचारा, आत्ता हात का थांबला, आवाजावरून काय कळलं, आणि सगळ्यात कामाचा प्रश्न म्हणजे हे फसतं कधी?

मग एकच पान करा. लक्षण, कारण, उपाय, काय करू नये, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव. नाव टाकाच. सगळं सांगून टाकलं की आपली गरज संपली असं मामांना वाटतं, आणि ती भीती अगदीच खोटी नसते, म्हणून मालकाने आधीच समोर बसून बोलावं आणि शिकवायचे वेगळे पैसे द्यावेत.

व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका पण तिथेच ठेवू नका, गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं. ड्राइव्हवर जॉब नंबरने फोल्डर करा आणि त्याचा क्यूआर कोड मशीनच्या दारावर चिकटवा.

आता परीक्षा. नवीन पोरगा पान बघून सेटिंग करणार, मामा बाजूला गप्प उभे. जिथे त्यांना राहवत नाही, तिथे पान अपुरं आहे, लगेच दुरुस्त करा.

आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाच्या २०१५ च्या आवृत्तीत ७.१.६ हे कलम याच विषयाचं, म्हणजे कंपनीतलं ज्ञान जपण्याचं आहे, ऑडिटला वेगळी फाइल रंगवण्यापेक्षा हीच पानं दाखवा. ड्रॉइंग बदललं की पान त्याच दिवशी बदला.

आमच्या पहिल्या पानावर मामांनीच पेनाने दुरुस्ती केलीय, १५ खोडून, "डिसेंबरात २० मिनिटं".