गाझाच्या बातमीतील पक्षपात कसा तपासावा

प्रथम क्रियापद पाहावे: ‘ठार केले’ऐवजी ‘मृत्युमुखी पडले’ असे लिहून कोणत्या बाजूच्या मृतांबाबत कर्ता (म्हणजे मारणारा) गाळला जातो, हे एकाच वृत्तपत्राच्या दोन बातम्या शेजारी ठेवल्यास कळते. (मथळा बहुधा वार्ताहराचा नसतो, हेही ध्यानात असू द्यावे.)

मग दावा कोणाचा, हे शोधावे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातील अल-अहली रुग्णालयात स्फोट झाला, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हमासच्या दाव्यावर विसंबून इस्रायली हल्ल्याचा मथळा दिला, पुढे तो बदलला आणि २३ ऑक्टोबरला आपली चूक मान्य करणारा संपादकीय खुलासा प्रसिद्ध केला. इस्रायली लष्कराच्या निवेदनालाही हीच चाळणी लावावी, कारण परदेशी पत्रकारांना त्या इस्रायल-हमास युद्धात गाझात स्वतंत्र प्रवेश नाकारला गेल्याने त्यांना प्रत्यक्ष पडताळणी करता येत नव्हती.